वीस मीटरवरून

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. म्हणजे जी चालते ती गाडी. ती बिचारी बारा महिने बाहेर पावसात, आणि आत कोण, तर रॉयस्टनचा तो सांगाडा. किटची गाडी घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ती नाही त्यांना सांगून कळायचं नाही. एक कंपनी खोक्यांमधून सगळे सुटे भाग पाठवते, आणि नवरा म्हणतो, "ग्लेनिस, दोन हिवाळ्यांत जोडून होईल बघ." आमची मुलगी शाळेत होती तेव्हा ती खोकी आली. आता तिचा मुलगा शाळेत जातो.

मी काय कमी बोलले? जेवायला बोलवायचं तर गॅरेजच्या दारावर लाटणं आपटायचं. हाताला ग्रीस, टॉवेलला ग्रीस, एकदा तर लोण्याच्या भांड्यात ग्रीस. मी म्हणायचे, "अरे, त्या लोखंडाशीच लग्न करायचं होतंस!" तो म्हणायचा, "तिने विचारलंच नाही गं." असा माणूस. भूगोल शिकवून शिकवून निवृत्त झाला, पण घरात कुठली वस्तू कुठे आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याला हवं होतं ते मात्र फार मोठं नव्हतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. आमच्या दरीतून एक रस्ता वर माळावर जातो. दोन्हीकडे दगडी कुसू, मध्ये मेंढ्या, आणि अगदी वर एक पब. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे या घरी गाड्या जोडणाऱ्या लोकांचा मेळा भरतो. आपापल्या गाड्या ओळीने लावतात, बॉनेट उघडतात, आणि दुसऱ्याच्या इंजिनात डोकं घालून दिवसभर उभे राहतात. रॉयस्टन इतकी वर्षं तिथे मित्राच्या, नेव्हिलच्या, गाडीत बाजूला बसून जायचा. त्याला एकदा स्वतःच्या गाडीत, स्वतः चालवत, त्या चढाने वर जायचं होतं. बस. आयुष्यभर एवढंच मागितलं त्याने, आणि मागितलं तेही माझ्याकडे नाही.

मागच्या शरदात गाडी झाली. म्हणजे चाकं लागली, इंजिन खोकून खोकून सुरू झालं, आणि हिरवा रंग बसला. पण घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. सरकारी तपासणी केंद्रात न्यायची, तिथला माणूस तिचा कण न् कण तपासणार, पास झाली तरच नंबर. त्या तपासणीच्या नावाने नेव्हिलसारखा माणूससुद्धा टरकतो. तपासनिसाकडे म्हणे मोठ्या संत्र्याएवढा एक गोळा असतो. तो गाडीवरून फिरवायचा, आणि तो जिथे जिथे टेकेल तिथली कडा बोथट हवी. एखादा बोल्ट नुसता उघडा दिसला की नापास. मग हे सगळे लोक काय करतात? कडांना रबराची पट्टी लावतात, बोल्टांना प्लास्टिकच्या टोप्या घालतात, पास झाले की घरी येऊन सगळं ओरबाडून काढतात. मोठी माणसं आहेत हो ही!

तो हिवाळा आमचा टोप्या घालण्यात गेला. आणि तो हिवाळा माझा फार वाईट गेला, तेही सांगते. कारण रॉयस्टन माझ्याकडे बघेनासा झाला होता.

बोलायचा नीट, हसायचा, चहा करून द्यायचा. पण बोलताना नजर माझ्या तोंडावर नाही. कायम बाजूला, माझ्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीवर. मी नवीन केस कापून आले तर म्हणाला, "छान." मी म्हटलं, "काय छान?" तर म्हणाला, "सगळंच." गाडी चालवायचं तर त्याने सोडूनच दिलं होतं. "पाठ धरलीय गं, तू चालव, मी डोंगर बघतो." मी मेली खुळी, त्याच्या पाठीला औषध चोळत बसले. आणि मनात काय काय आलं म्हणून सांगू? एक दिवस त्याच्या कोटाचा वाससुद्धा घेऊन बघितला. ऑइलचाच आला. तेव्हा तर अजूनच रडू आलं, की दुसरी बाईही नाही, नुसता माझाच कंटाळा आलाय याला.

तपासणीच्या दिवशी सकाळी नेव्हिल ट्रेलर घेऊन आला. नेव्हिल म्हणजे रॉयस्टनचा जुना मित्र. त्याने स्वतः अशा तीन गाड्या जोडल्यात, आणि तोंड एक क्षण बंद नाही. गाडी ट्रेलरवर चढवली, मी हॅमची सँडविचं आणि चहाचा थर्मास घेतला, आणि आम्ही तिघं त्याच्या व्हॅनमध्ये पुढे दाटीवाटीने बसलो. वाटेत रॉयस्टन एकदाच बोलला. "स्टिकर सगळे लावलेत ना मी?" नेव्हिल म्हणाला, "ते तू लावलेस, मला काय विचारतोस?"

तपासनीस लंब नावाचा एक उंच, सुतकी चेहऱ्याचा माणूस होता. त्याने तो गोळा काढला आणि सुरू झाला. पुढून, मागून, आरशाखालून, सीटखालून. रॉयस्टन हात मागे बांधून उभा, शाळेतल्या पोरासारखा. लंबने चाकं हलवली, ब्रेक तपासले, आवाज मोजला, स्वतः गाडी चालवून स्टिअरिंग सोडून बघितलं की चाकं आपोआप सरळ होतात का. झाली. परत आला तेव्हा म्हणाला, "काम चांगलं आहे." त्या तोंडातून एवढं आलं म्हणजे फुलंच पडली म्हणायची. नेव्हिलने मला कोपराने ढोसलं.

मग लंब आत बसला आणि बटणं बघायला लागला. प्रत्येक बटणावर कशाचं बटण ते सांगणारं ठरलेलं चित्र हवं, असा नियम. त्याने मागच्या धुक्याच्या दिव्याचं बटण दाबलं, आणि समोरचे मोठे दिवे लागले. मोठ्या दिव्यांचं दाबलं, मागचा लाल लागला. मग त्याने हॉर्नच्या बटणाकडे बघून मान तिरपी केली आणि म्हणाला, "हा बिगूल उलटा का आहे?"

नेव्हिल मोठ्याने हसला. "रॉयस्टन, पबमध्ये बसून चिकटवलेस का रे? पोरं पण करत नाहीत ही चूक!"

खरं होतं ते. तुम्ही त्या दोन दिव्यांची चित्रं बघा. दोन्हींवर अर्धवट खाल्लेल्या बिस्किटासारखा आकार आणि त्यातून निघालेल्या रेघा. एकाच्या रेघा डावीकडे, दुसऱ्याच्या उजवीकडे, आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ. बारीक आहेत, पण जो माणूस इतकी वर्षं त्या गाडीशिवाय दुसरं काही बघत नव्हता त्याने ती चुकवावीत? लंब म्हणाला, "जास्तीचे स्टिकर आणलेत का? मग लावून टाका. मी तोवर चहा पिऊन येतो." भला माणूस निघाला.

रॉयस्टनने खिशातून स्टिकरचा कागद काढला. आणि मी बघितलं. त्याने कागद डोळ्यांसमोर धरला नाही. बाजूला धरला, कानाजवळ, आणि कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वळवून एका कोपऱ्यातून बघायला लागला. एक स्टिकर सोलला. बोटाने बटण चाचपलं. स्टिकर लावला, अर्धा बटणावर, अर्धा बाहेर. नेव्हिल हसायचा थांबला.

"दे इकडे," मी म्हटलं. "तुझे हात थरथरतायत थंडीने."

हात अजिबात थरथरत नव्हते त्याचे. मी ते तिन्ही स्टिकर लावले. गाडी पास झाली. नेव्हिलने रॉयस्टनला मिठी मारली, रॉयस्टन हसला, आणि मला मेलीला तिथेच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर मी किटली ठेवली आणि त्याच्यासमोर बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"रॉयस्टन, मला खुळ्यात काढू नकोस हां."

तो टेबलावरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "डावा गेल्या वसंतापासून. उजवा नंतर. मधोमध एक डाग आहे, राखाडी. जिथे बघावं तिथे तोच. कडेकडेने सगळं दिसतं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय, म्हणाले गाडी चालवू नका. लायसन्सवाल्यांना कळवा."

"कळवलंस?"

"कळवणार होतो. गाडी झाल्यावर."

"आणि मला?"

"तू गॅरेजला कुलूप घातलं असतंस."

"घातलंच असतं! तिथे करवत आहे, ग्राइंडर आहे, अरे बोटं गेली असती तर!" मी इतकी ओरडले की किटलीची शिट्टी मला ऐकूच आली नाही. मग म्हटलं, "आणि मी सगळा हिवाळा काय समजले माहितीये? मला वाटलं तुला माझं तोंड बघवत नाही."

तो एकदम वर बघायला लागला, म्हणजे माझ्या बाजूला. "अगं वेडे, तुझ्या तोंडाकडे बघितलं की तूच दिसत नाहीस. कानाकडे बघितलं की दिसतेस. मग मी कानाकडे बघतो."

आता यावर माणसाने काय भांडायचं? मी उठले आणि किटली उतरवली. दोघांनी चहा घेतला. मी रडले, तो नाही रडला.

पण खरं भांडण पुढेच होतं. त्याचं म्हणणं एकच. नंबर आला की एकदा, फक्त एकदा, तो स्वतः गाडी वर माळावर नेणार. नंतर लायसन्स परत, गाडी नेव्हिलला, काय म्हणाल ते. "रविवारी सकाळी तिथे कुत्रं नसतं गं. मला तो रस्ता पाठ आहे. डोळे मिटून नेईन."

"डोळे मिटूनच तर नेणार आहेस!" मी म्हणायचे.

नंबर यायला काही आठवडे गेले. ते आठवडे आम्ही असे काढले की एक दिवस मी गप्प, एक दिवस तो. मी मनातल्या मनात किती वेळा त्याला जाऊ दिलं असेल! चढ संपतो तिथपर्यंत माझ्या मनातली गाडी सुखरूप जायची. मग नेमकं वळणावर कोणीतरी सायकलवर यायचं. मी सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, दुपारी पोरं कशी न बघता रस्त्यावर पळत सुटतात ते खिडकीतून रोज बघितलं. माझ्या मनात सायकलवर कायम त्यांतलंच कोणीतरी असायचं.

नंबर आला. नेव्हिलने पाट्या करून आणल्या. रॉयस्टनने त्या स्वतः बसवल्या, बोटांनी चाचपून, आणि सरळ बसल्या, कौतुक वाटलं मला. मग तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कायदा काय आहे? वीस मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. आला, तर मी चालवणार. नाही आला, तर विषय संपला. कबूल?"

वीस मीटर इथे सगळ्यांना ठाऊक. लायसन्सच्या परीक्षेत पहिली गोष्ट तीच, समोरच्या गाडीचा नंबर वाच. मी म्हटलं, "कबूल." खरं सांगते, मला वाटलं, असेलही. कडेकडेने दिसतं म्हणतो, वाचेलही. मला वाटावंसं वाटत होतं.

नेव्हिलने फीत धरली. आमच्या फाटकापासून शेजारच्या ग्रीनवुडबाईंच्या लिलॅकच्या झुडपापर्यंत वीस मीटर भरले. रॉयस्टन झुडपाशी जाऊन उभा राहिला, वळला, खांदे मागे घेतले, आणि नंबर म्हणून मोकळा झाला. एकही अक्षर न चुकता. नेव्हिलने टाळी वाजवली.

मी वाजवली नाही. कारण तो पाढे म्हटल्यासारखा म्हणाला होता, सरळ गाडीकडे बघत. आणि सरळ बघितलं की त्याला दिसत नाही, हे मला आता माहीत होतं. नंबराचं पत्र आल्यापासून तो नंबर गुणगुणत घरभर फिरत होता.

"बरं," मी म्हटलं. "आता ग्रीनवुडबाईंच्या गाडीचा वाच. ती तेवढ्याच अंतरावर आहे, तिकडे."

तो वळला. मान तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरपी केली. नेव्हिल बुटांकडे बघायला लागला.

"लाल आहे गाडी," रॉयस्टन म्हणाला.

"रंग नाही विचारला रे."

तो एक पाऊल पुढे सरकला. मग एकदम ओरडला. आमच्या गल्लीत त्याचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नसेल. "एकदा गं! एकदाच! इतकी वर्षं एकेक बोल्ट मी लावलाय तिचा! सकाळी सहाला त्या रस्त्यावर कोण असतं?"

"कोण असतं ते तुला दिसणार नाही," मी म्हटलं. "तेच तर म्हणतेय मी."

बोलले खरी, पण माझा मलाच राग आला. त्या क्षणी त्याच्या हातात किल्ली देऊन टाकावी, असं मला इतकं वाटलं की मी मूठ घट्ट आवळून ठेवली. तो कुसवावर बसला. नेव्हिल त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "अरे, मी चालवतो, तू बाजूला बस. त्यात काय?" रॉयस्टन म्हणाला, "तुझ्या बाजूला बसून मी घालवलीच आहेत की इतकी वर्षं." आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने लायसन्स पाकिटात घातलं. पाकिटावरचा पत्ता मला लिहायला सांगितला. मी लिहिला, आणि टपालपेटीत दोघांनी मिळून टाकलं. घरी येताना माझा हात धरून चालला, पूर्वी कधी धरायचा नाही.

मग आठवडाभर गाडी दारात नुसती उभी. गॅरेजमध्ये तो जाईना. जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला यायचा, आणि तेच मला सोसवेना. वाटायचं, ये रे बाबा, ग्रीसचे हात घेऊन, फासू दे माझ्या टॉवेलांना. मी काही सुचवायचं म्हटलं तर जीभ रेटेना. त्याची गाडी, मी काय म्हणून बोलू? मी तिला जन्मभर शिव्याच दिल्या होत्या.

महिन्याचा पहिला रविवार आला. मी उठून खाली आले तर रॉयस्टन कपडे करून दारात उभा. स्वच्छ शर्ट, टोपी.

"नेव्हिल येतोय का?" मी विचारलं.

"नाही. बूट घाल."

"कुठे?"

"बूट घाल गं, सपाट तळव्याचे. फार प्रश्न विचारतेस."

बाहेर आलो. त्याने उजव्या बाजूचा, चालवणाऱ्याच्या बाजूचा पट्टा बाजूला केला आणि म्हणाला, "बस."

"मी? अरे, मी नाही हां! आपटलं तर?"

"आपटलं तर मला दिसणार थोडीच आहे. बस."

त्या गाडीत बसायचं म्हणजे बसायचं नसतं, आत घसरायचं असतं. मी घसरले. गुडघे नाकाशी येतील असं वाटलं होतं, पण उलटंच. समोर हे लांबलचक भुयार, आणि भुयाराच्या टोकाला पेडल. मी पाय ताणला, पंजा ताणला, टाच उचलली. बुटाचं टोकसुद्धा लागेना. सीट मागेपुढे होणारी नव्हती, तळालाच पक्की बोल्टने बसवलेली. तो उंच आहे ना, त्याने आपल्या पायांच्या मापाने बांधली होती गाडी.

"नाही पोचत रे," मी म्हटलं. "पाठीला उशी घेते."

"उशी नको. ब्रेक जोरात मारलास की उशी सरकते." तो गॅरेजमध्ये गेला. आतून पाने खडखडले. परत आला, दगडांवर गुडघे टेकले, स्वच्छ शर्टासकट, आणि डोकं खाली घालून हात त्या भुयारात घातले. बघत नव्हताच तो, तोंड माझ्या गुडघ्याकडे होतं. बोटांनी पेडलच्या चौकटीचा एकेक बोल्ट शोधला. पहिला सैल होताना करकरला.

"रॉयस्टन, थांब. एकदा हलवलीस की तुझे पाय मावणार नाहीत इथे."

"माहितीये," तो म्हणाला. दुसरा बोल्ट सुटला. त्याने पेडल सगळी मिळून माझ्याकडे ओढली. "पाय लांब कर. पोचला?"

"नाही अजून."

त्याने आणखी ओढली. एका हाताने माझी टाच धरली आणि पंजा ब्रेकवर टेकवून बघितला.

"आता?"

"आता पोचला," मी म्हटलं.

"मग हलवू नकोस पाय," तो म्हणाला, आणि बोल्ट आवळायला लागला.